हप्त्यातला रुबाब चालतो, मग जुनी पोलो का खुपते?

पाथरीत एखाद्या पोरानं दहा वर्षं वापरलेली पोलो जीटी किंवा फियाटची अबार्थ पुंटो आणून दारात उभी केली, की चौकातला निकाल ठरलेला असतो. ‘‘कामून घेतली रे ही? अजून थोडे टाकून नवी मोठी गाडी उचलायची की. हप्ता बसला असता, पण चारचौघांत वजन पडलं असतं.’’ गरजेपोटी जुनी गाडी घेतलेली चालते. हौसेनं जुनी, तीही वेगवान गाडी घेतली, की पोरगं वाया गेलं. आणि वर पुन्हा पैसे घालून तिच्यात बदल करायचे म्हटलं, की याला पोरगी कोण देणार, इथपर्यंत काळजी पोचते.

या निकालावर हे अपील आहे. बेताच्या पैशात जुनी वेगवान गाडी घेऊन ती नीट घडवणं हा शहाण्या माणसाचा व्यवहार असू शकतो, आणि हप्त्यावरच्या रुबाबापेक्षा तो बहुतेक वेळा शहाणाच ठरतो. त्याला अट एकच आहे. पैसा आधी गाडी थांबवणाऱ्या भागांवर जायला हवा, मग ती वळवणाऱ्या भागांवर, आणि लोकांना दाखवायच्या भागांवर एक छदामही नको. ही अट मोडणाऱ्या पोरांची वकिली मी करणार नाही. त्यांच्याकडे शेवटी वळतोच.

पहिला आक्षेप उधळपट्टीचा. तो हिशेबानंच तपासू. समजा, नव्या मोठ्या गाडीसाठी १२ लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेनऊ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता येतो महिना १९,६०० रुपयांच्या आसपास. सात वर्षांत बँकेत भरायची रक्कम साडेसोळा लाखांच्या जवळ जाते, म्हणजे नुसतं व्याजच साडेचार लाखांना टेकतं. ज्या जुन्या गाडीवरून पोराची उलटतपासणी चालली आहे, तिची किंमतही साधारण एवढीच असते. एकानं तेवढे पैसे देऊन गाडी घरी आणली. दुसऱ्यानं तेवढेच पैसे बँकेला वाहिले, त्या बदल्यात त्याला काहीच मिळालं नाही. तरी चौकात उधळ्या ठरतो तो पहिला.

झिजेचा हिशेब तर विमा कंपन्यांनी आधीच मांडून ठेवला आहे. गाडीचं विमामूल्य ठरवताना पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ३० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के घसारा धरतात. नव्या गाडीची निम्मी किंमत पहिल्या मालकाच्या खिशातून जाते. दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला त्या घसरणीची शेपटी तेवढी येते. नीट सांभाळली, तर दोन-तीन वर्षांनी विकताना त्याचं नुकसान थोडंच होतं. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या, एका साली जमलं आणि दुसऱ्या साली गेलं अशा आमच्या तालुक्यात महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून वीस हजार उचलणारी गाडी हेच खरं धाडस आहे. रोखीनं घेतलेल्या जुन्या गाडीला पैसे नसतील तर ती दोन महिने शेडमध्ये उभी राहते. बँकेचा हप्ता तसा उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे शहरी, परदेशी चोचले आहेत, आपल्या मातीतले नव्हेत. पाच लाखांच्या आतबाहेर जुन्या बाजारात मिळणाऱ्या या गाड्या घडल्या कुठे, ते जरा पाहा. २००४ साली भारतात आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्तीची, जोडली जायची आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय चाकणची: १.२ लिटरचं इंजिन, १०५ अश्वशक्ती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ९ लाख ९५ हजारांना आलेली अबार्थ पुंटो, १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, ही रांजणगावची. त्याही आधी, २००१ मध्ये, १०० अश्वशक्तीची पालिओ १.६ कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली होती आणि तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. त्याच सचिनला २००२ साली शर्यतपटू मायकेल शूमाकरच्या हातून फेरारी मिळाली, तेव्हा आपण पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मोठ्या माणसाचा वेग कौतुकाचा आणि आपल्या गल्लीतल्या पोराचा वेग चोचल्यांचा, हा न्याय मला कळत नाही.

तिसरा आक्षेप खरा दमदार आहे, म्हणून त्याला पुरतं उत्तर द्यायला हवं. ‘‘बिघडली तर इथं दुरुस्त कोण करणार? पार्ट कुठून आणणार?’’ पाथरी-मानवत पट्ट्यातले मेकॅनिक ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप उघड्यावर खोलून बसवतात आणि ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे ॲक्सल रात्रीतून उभे करतात. त्यांच्या हातात कसब नाही, असं इथला तरी कुणी म्हणणार नाही. कमी पडतं ते कसब नसून निदान. या गाड्यांचा दोष कानाला कळत नाही, तो स्कॅनर लावूनच वाचावा लागतो, आणि स्कॅनर आता तालुक्याच्या गॅरेजमध्येही दिसू लागले आहेत. सुट्या भागांचं म्हणाल, तर पुण्याची नाना पेठ आहे, कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सकाळी उतरणारं पार्सल आहे. अर्ध्या मराठवाड्याचं गॅरेज आज त्यावरच चालतं.

पण इथं टीकाकारांच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायलाच हवी. प्रत्येक जुनी वेगवान गाडी पाथरीत सांभाळता येणार नाही. फियाटनं भारतातला आपला गाशा गुंडाळून आता काही वर्षं झाली. अबार्थचं इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेटच्या कुळातलं, म्हणून त्याचं जमून जातं. पण तिचा खास बंपर किंवा आतली एखादी इलेक्ट्रॉनिक पेटी गेली, तर शोधाशोध महिनोन्‌महिने चालते. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स चालवायला झकास. त्यातलं गिअर बदलण्याचं काम बघणारं मेकाट्रॉनिक युनिट गेलं, तर मात्र खर्च लाखाच्या घरात जातो. म्हणून आपल्या भागात राहणाऱ्यानं हौसेला थोडा व्यवहार जोडावा. मारुतीची बलेनो आरएस २०१७ पासून जेमतेम तीनेक वर्षं विकली गेली. एक लिटर टर्बो, सुमारे १०० अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क. नाव अबार्थइतकं वजनदार नाही, पण तिचे बहुतेक भाग साध्या बलेनोचे आणि मारुतीचा मेकॅनिक गल्लोगल्ली. आक्षेपाचं उत्तर योग्य गाडी निवडण्यात आहे. गाडी घेऊच नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

चौथा आक्षेप रस्त्यांचा. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरीतूनच जातो, जालन्यापर्यंत गेलं की समृद्धी महामार्ग लागतो. तरी रोजचं चालणं शेवटी गावरस्त्यांवरच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत लाटा खातो. अशा रस्त्यावर वेगवान गाडी कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. उलट पाहा. खराब रस्त्यावर कस लागतो तो चांगल्या सस्पेन्शनचा, ताज्या टायरचा आणि भरवशाच्या ब्रेकचा, आणि या गाड्या जन्मतःच त्याबाबतीत भारी असतात. ताशी ८० वरून १२० वर गेलात, की गाडीतली गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ती सगळी ब्रेकला उष्णता करून टाकून द्यावी लागते. हे गणित उंच, जड गाडीलाही लागू आहे आणि तिच्याकडे टाकून द्यायला ऊर्जाही जास्त असते. नांदेडकडे जाताना तिला कुणी विचारत नाही, ‘‘बाई, तुझे ब्रेक पुरतात का?’’

रस्त्याचा मुद्दा खरा लागू होतो तो गाडी खाली बसवणाऱ्यांना. अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स कारखान्यातूनच १५५ मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १०० मिलिमीटर उंच असतो, आणि आपल्याकडचे गतिरोधक त्या मापाचं ऐकत नाहीत. स्प्रिंग बदलून गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, वर चार माणसं बसवली, की पोखर्णीच्या जत्रेला जाताना ऑइलचा चेंबर फुटणं हा योगायोग उरत नाही.

पाचवा आक्षेप मोठ्या आवाजात येतो: ‘‘असल्याच गाड्यांनी माणसं मरतात.’’ मे २०२४ चं पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण लगेच पुढे केलं जातं. त्या रात्री दोन तरुण जिवानिशी गेले. ती गाडी कोट्यवधींची नवी पोर्शे होती, आणि १,७५८ रुपयांचं शुल्क न भरल्यानं तिची नोंदणीच पूर्ण झालेली नव्हती. चालवणारा अल्पवयीन होता, आणि त्याला सुरुवातीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून सोडलं गेलं. यातली एकही गोष्ट जुन्या गाडीच्या, बेताच्या पैशाच्या किंवा हौसेच्या माथी मारता येत नाही. मस्ती, दारू आणि घरच्यांच्या पैशाची ऊब, यांचा हा हिशेब आहे. साडेतीन लाखांची गाडी चार वर्षं साठवलेल्या पैशातून घेणारा पोरगा तिच्या दारावर ओरखडा उमटला तरी जेवत नाही. गाडी कुणाच्या घामाची आहे, यावर ती चालवणाऱ्याचा पाय बराच ठरतो.

सहावा आणि शेवटचा आक्षेप कायद्याचा. ‘‘बदल करणं बेकायदा आहे.’’ अर्धसत्य आहे, म्हणून जास्त धोकादायक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ रचनेबाहेर जाणारे बदल अमान्य केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं: नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण याच कलम ५२ च्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे वाहनाच्या रचनेतला, मूळ स्वरूप पालटणारा फरक, असंही लिहिलेलं आहे. उत्पादकानं मान्य केलेल्या मापाचे चांगले टायर, त्याच मोजमापाचे वरच्या दर्जाचे ब्रेक पॅड, नवे शॉक ॲब्सॉर्बर, नवे बुश, ताजं ब्रेक ऑइल, यांतल्या कशानंही गाडीची मूळ रचना पालटत नाही.

आणि कायद्याचा हा धाक दाखवतं कोण? ज्यांच्या गाडीला पुढे लोखंडी बंपर गार्ड, काचांना काळी फिल्म आणि नंबर प्लेटवर आकड्यांऐवजी ‘दादा’ वाचता येईल अशी नक्षी असते, तेच. बंपर गार्डवर कारवाई करा, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयानं राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं आहे आणि आधार तेच कलम ५२. पादचाऱ्याला तो गार्ड जास्त जखमी करतो आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही आडवा येतो. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंदी आणली. आमच्याकडे सगळ्यात जास्त बेकायदा बदल केलेल्या गाड्या जुन्या पोलो नाहीत, त्या हप्त्यावरच्या उंच गाड्या आहेत. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण त्यांचा बदल रुबाबाचा समजला जातो.

आता माझ्या अशिलांकडे वळतो, कारण त्यांच्यातले बरेच जण मला खटला हरवायला निघाले आहेत. गाडी घेतल्या घेतल्या पहिले पंधरा हजार सायलेन्सरवर, पुढचे पंचवीस हजार भल्यामोठ्या अलॉयवर, मग मागे एक पंख, आत निळे दिवे. टायर मात्र आधीच्या मालकाचेच. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख कोरलेली असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ती न वाचता सायलेन्सर बदलणाऱ्या पोराला गाडीचा शौक आहे, असं मला वाटत नाही. त्याला आवाजाचा शौक आहे, आणि तो डीजेवरही भागला असता. अशा सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेला राज्यातल्या अनेक शहरांनी पाहिला आहे. त्या दृश्याला माझी हरकत नाही.

रिमॅपची, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याची, गोष्ट वेगळी नाही. लॅपटॉप लावून अर्ध्या तासात तीस घोडे वाढवून देणारे पुण्या-मुंबईत भेटतात. पोलो जीटीच्या त्या गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटर टॉर्कची. कारखान्यानं इंजिन १७५ वर ठेवलं आहे. मधली ढील कंपनीचा भित्रेपणा नव्हे, ती मे महिन्यातल्या परभणीच्या उन्हासाठी, क्लचच्या झिजेसाठी आणि गाडीच्या दहाव्या वर्षासाठी राखलेली आहे. तीच ढील खाऊन टाकली, तर लाखाचं मेकाट्रॉनिक युनिट किती दिवस टिकणार? शिवाय गाडीला जे मान्यता-प्रमाणपत्र मिळालं, ते तिच्या मूळ ताकदीला आणि धुराला. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर दावा नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

मग पैसा नेमका जावा कुठे? हाती पाच लाख असतील, तर साडेतीन लाखांच्या वरची गाडी बघूच नये. उरलेला दीड लाख चैनीचा नाही, तो गाडीच्याच किमतीचा भाग आहे. आधी कागद: परिवहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं पाहायची, नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या आणि मालकी परभणीच्या (एमएच-२२) परिवहन कार्यालयात लगेच आपल्या नावे करायची. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथं १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली. पण इथं आणल्यावर ना हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक, यांत तो स्वस्ताईचा फरक विरतो. मग पाणी: कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायचा, गाळाची रेघ तिथं लपते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज कुठलाच पॉलिशवाला घालवत नाही.

गाडी घरी आली, की क्रम असा: टायमिंग बेल्ट असेल तर तो आणि पाण्याचा पंप, कारण तुटलेला बेल्ट व्हॉल्व्ह वाकवून इंजिनच खातो. चार नवे टायर, मूळ मापाचे आणि मूळ वेगश्रेणीचे. समृद्धीवर परिवहन खात्याला टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवाव्या लागल्या, त्याचं कारण हौस नव्हतं, हयगय होती. मग ब्रेक पॅड, डिस्क, नवं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि गरम झाल्यावर पेडल मऊ पडतं. मग शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश. इंधनाच्या रबरी नळ्याही बदलून घ्याव्यात, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि या गाड्या त्याच्या आधीच्या काळातल्या. ऊस आपलाच, इथेनॉलही आपल्याच कारखान्यांचं, पण नळी मात्र आपल्याला बदलावी लागते.

हे सगळं झाल्यावर गाडी बाहेरून होती तशीच दिसते. चौकात कुणाला काही कळत नाही. सेलूच्या वळणावर मात्र ती ज्या निश्चिंतपणे वळते, ते फक्त चालवणाऱ्याला कळतं. बेताच्या पैशातला खरा बदल एवढाच, आणि तो करायला वेळ लागतो. पण साईबाबांचं जन्मगाव असल्याचा दावा सांगणाऱ्या पाथरीला सबुरी वेगळी शिकवायला नको.

उरला वेग. तो रस्त्यावर सिद्ध करायचा नसतो. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. तिकडे जाणं महाग वाटत असेल, तर पाथरी-माजलगाव रस्त्यावर १४० गाठणं त्याहून महाग पडतं, आणि त्याची किंमत बहुतेकदा दुसराच कुणी मोजतो.

म्हणून टीकाकारांना सरळ विचारतो: तुमचा राग गाडीवर आहे, वेगावर आहे, की एका बेताच्या घरातल्या पोरानं रुबाबाचा ठरलेला नमुना नाकारला यावर? कायद्याची काळजी असेल, तर आधी आपल्या दारातल्या गाडीचा गार्ड आणि काळी काच काढा. उधळपट्टीची काळजी असेल, तर आपल्या कर्जखात्याचा उतारा पुढे ठेवा. आणि पोरांनो, तुम्हाला हा खटला जिंकायचा असेल, तर तुमच्या गाडीचा सायलेन्सर आमच्या कानावर पडता कामा नये. ब्रेकचं बिल मात्र मागितल्यावर दाखवता आलं पाहिजे. ते दाखवाल, तर तुमच्या जुन्या गाडीला उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी भांडायला मी कधीही तयार आहे.